रणजी जिंकलेला बॉक्सवाला

परवा मित्रांमध्ये पैज लागली. बंगालनं पहिली रणजी कुणाच्या नेतृत्वाखाली जिंकली? चौघांनी एका सुरात सांगितलं, संबरण बॅनर्जी, 1989-90. गांगुलीचं पदार्पण त्याच फायनलमध्ये, म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात. पैजेची मिसळ मी वसूल केली, कारण ती दुसरी. पहिली 1938-39 ची, आणि कर्णधार टॉम लाँगफिल्ड. इंग्लंडातल्या केंट परगण्याचा माणूस, केंब्रिजकडून खेळलेला, मग व्यापाराच्या निमित्तानं कलकत्त्यात आलेला.

फायनल ईडन गार्डन्सवर, समोर सदर्न पंजाब. बंगालचा पहिला डाव 222 वर आटोपला आणि पंजाबच्या वझीर अलीनं एकट्यानं नाबाद 222 ठोकले! तिथं सामना संपल्यातच जमा व्हायला हवा होता. पण बंगालनं दुसऱ्या डावात 418 केल्या, पंजाबला 134 मध्ये गुंडाळलं आणि 178 धावांनी करंडक नेला.

आता माझं म्हणणं. "साहेबाची कसली ती रणजी" असं म्हणून ती बाजूला सारू नये. त्या संघात कार्तिक बोस होते, कमल भट्टाचार्य होते. त्यांचा घाम काही इंग्रजी नव्हता. पण लाँगफिल्डला "खेळावर निखळ प्रेम करणारा हौशी खेळाडू" म्हटलं की माझं डोकं फिरतं. हौस परवडावी लागते राव! कलकत्त्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना ती परवडायची, कारण ताग आणि चहाच्या जिवावर पगार बक्कळ, मैदान क्लबचं आणि सामन्यासाठी सुट्टी म्हणजे पेढीची शानच. गंमत म्हणजे आयसीएसवाले, म्हणजे सरकारी सनदी नोकरीतले साहेब याच व्यापाऱ्यांना 'बॉक्सवाले' म्हणून नाकं मुरडायचे. म्हणजे फेरीवाले! उतरंड त्यांच्यातही होतीच.

दोनच वर्षं आधी नवानगरनं रणजी जिंकली, तोही कर्णधार इंग्रजच, ससेक्सचा बर्ट वेन्सली. पण तो व्यावसायिक, पैसे घेऊन खेळणारा आणि शिकवणारा. विनू मंकडसारखा पोरगा, पुढचा कसोटीवीर, त्याच्या हाताखाली तयार झाला. मला विचाराल तर हिंदुस्थानी क्रिकेटला जास्त दिलं ते या पगारी माणसानं. क्लबात मान मात्र हौशी माणसाला जास्त.

आणि लाँगफिल्डनंतरच्याच हंगामात रणजी कुणी उचलली? आपल्या महाराष्ट्रानं. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर, वय 48, एसपी कॉलेजात संस्कृत शिकवणारे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हौशी तेही, पण त्यांच्यामागे तागाची पेढी नव्हती.

जाता जाता, लाँगफिल्डची मुलगी सुसान. तिचा नवरा टेड डेक्स्टर 1961-62 मध्ये इंग्लंडचा कर्णधार म्हणून इकडे आला. सासरेबुवांनी जिथं करंडक उचलला त्याच ईडनवर नरी कॉन्ट्रॅक्टरच्या भारतीय संघानं जावयाला 187 धावांनी हरवलं.