रांगेतील सहावा

विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर हाती पडलेल्या माहितीपुस्तिकेत वसतिगृहाविषयी चांगली चार पाने होती. खोलीची लांबी-रुंदी, पलंगाचा आकार, अभ्यासाच्या टेबलाला असलेल्या खणांची संख्या, रात्री दहानंतर पाळायची शांतता आणि ती न पाळल्यास भरावयाचा दंड, असे सगळे काही त्यांत होते. आंघोळीबद्दल मात्र एकच वाक्य होते : ‘प्रत्येक मजल्यावर सामाईक स्नानगृहाची सोय आहे.’ त्यातील ‘सोय’ या शब्दावर मी विश्वास ठेवला आणि ‘सामाईक’ या शब्दाकडे दुर्लक्ष केले. पहिल्या वर्षी माझे जे काही हाल झाले, त्यांचे मूळ या वाचनदोषात आहे.

घरी आंघोळ ही विचार करण्याची गोष्टच नव्हती. आत शिरावे, टॉवेल विसरावा, आतून हाक मारावी आणि दाराच्या फटीतून टॉवेल आत यावा, इतकी ती व्यवस्था परिपूर्ण होती. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चोवीस जण होतो, शॉवर दोन होते, त्या दोहोंना गरम पाणी पुरवणारी शंभर लिटरची टाकी एकच होती आणि सकाळचा पहिला तास सर्वांचाच आठ वाजता असे. हे आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहण्याची बुद्धी मला पहिल्या आठवड्यात झाली नाही. त्या आठवड्यात मी फक्त गारठलो.

गंमत अशी, की गारठण्यातही एक शिस्त होती. रांगेतील पहिले पाच जण आतून गुणगुणत, वाफाळत, गुलाबी होऊन बाहेर येत. सहाव्याच्या वेळी आतून एक लांबलचक श्वास आत ओढल्याचा आवाज येई आणि त्यापाठोपाठ जे शब्द येत, ते शिक्षणसंस्थेच्या आवारात उच्चारण्याजोगे नसत. सातव्यापासून पुढचे लोक शहाणे होऊन हात-पाय-तोंड धुण्यावर भागवत. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे ‘सहावाच का?’ हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, आणि प्रयोगशाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी त्याचा हिशेब मांडला. टाकीतले शंभर लिटर पाणी साठ अंशांवर, नळाचे पाणी वीस अंशांवर. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली की अंगाला सोसेल असे चाळीस अंशांचे दोनशे लिटर पाणी होते. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी पडते, म्हणजे दोनशे लिटरना पंचवीस मिनिटे. माणशी पाच मिनिटे धरली तर बरोबर पाच आंघोळी. टाकीतील दोन किलोवॉटच्या तारेला ती टाकी पुन्हा साठ अंशांपर्यंत न्यायला दोन तास वीस मिनिटे लागतात, म्हणजे तोवर दुसरा तासही संपलेला असतो. मधल्या वेळात तापणारे पाणी हिशेबात धरले तरी त्यात फार तर अर्ध्या माणसाची आंघोळ होते. तो अर्धा माणूस कोणता, यावर आमच्या मजल्यावर कधीही एकमत झाले नाही.

पण खरा अन्याय याही पुढचा होता. पाणी हळूहळू गार होत गेले असते, तर पाचव्याला सावध होऊन आटोपते घेता आले असते आणि सहाव्याला आवाजावरून अंदाज आला असता. तसे होत नाही. गरम पाणी हलके असल्यामुळे ते टाकीत वर तरंगते, गार पाणी तळाशी येऊन बसते, आणि शॉवरकडे जाणारी नळी वरच्या गरम थरातून पाणी घेते. त्यामुळे शेवटच्या लोटाभर पाण्यापर्यंत सगळे काही छान चाललेले असते आणि पुढच्या क्षणी तळाचे पाणी थेट डोक्यावर येते. पाचव्याला काहीच कळत नाही आणि सहाव्याला सगळेच एकदम कळते. माणसाच्या अंगावर अचानक गार पाणी पडले की त्याच्या इच्छेविरुद्ध तो धापा टाकतो, आणि हा भर ओसरायला एक-दोन मिनिटे जातात. साबण डोळ्यांत गेलेल्या माणसाला एक-दोन मिनिटे हा फार मोठा कालखंड वाटतो.

हा हिशेब मी माझ्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याला मोठ्या उत्साहाने दाखवला. तो संख्याशास्त्राचा. पांघरुणातून फक्त नाक बाहेर काढून त्याने तो तपासला आणि म्हणाला, “अरे, तू पाण्याचा विचार केलास, माणसांचा केला नाहीस. जॉन लिटल नावाच्या गृहस्थांनी 1961 साली सिद्ध करून ठेवलंय, की रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याची वेळ. दर तीन मिनिटांनी एक जण येतो आणि रांगेत आठ जण दिसतात, म्हणजे प्रत्येक जण चोवीस मिनिटं उभा राहतो. मी उभा राहत नाही.” एवढे बोलून त्याने नाक पुन्हा आत घेतले. तो आठवड्यातून चार दिवस आंघोळीची गोळी घेत असे, आणि उरलेल्या तीन दिवसांपैकी एक दिवस ती गोळी घेतल्याचे विसरत असे. त्याचा उपद्रव आंघोळीला नव्हता, झोपेला होता. रोज सहाला, सव्वासहाला आणि साडेसहाला असे तीन गजर तो लावी आणि तिन्हींतून निर्धास्त झोपे. जागा होत असे तो मी, आणि जागा झालोच आहे तर रांगेत जावे, अशा रीतीने माझी रांगेत भरती झाली.

पहिल्या पाचांत येण्यासाठी मग जी चढाओढ सुरू झाली, तिचे वर्णन करताना मला आजही थोडी लाज वाटते. सुरुवातीला सातला उठणारा पहिला असे. मग पावणेसातला उठणारा त्याच्या पुढे गेला, त्याला साडेसहावाल्याने मागे टाकले, आणि तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातल्या खोलीतील एका स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलाने पहाटे चारला आंघोळ केली. त्याला मात देण्यासाठी त्याच्या शेजाऱ्याने आदल्या रात्री साडेअकरालाच उद्याची आंघोळ उरकून घेतली. ही आंघोळ नेमकी कोणत्या दिवसाच्या खात्यावर धरायची, हा वाद पुढे दोन दिवस चालला.

याच सुमारास सपातांची पद्धत आली. रांगेत स्वतः उभे राहण्याऐवजी आपल्या सपातांचा जोड भिंतीलगत ठेवायचा आणि खोलीत जाऊन पडायचे, अशी ही पद्धत. एका सकाळी मी बाहेर आलो तेव्हा बोळात चिटपाखरू नव्हते, दोन्ही शॉवर रिकामे होते, दारे उघडी होती, आणि त्यांच्यासमोर सपातांचे आठ जोड शिस्तीत उभे होते. निळा, करडा, अंगठा तुटून सुतळीने बांधलेला, पुन्हा निळा. मी त्यांच्यामागे अनवाणी उभा राहिलो. रिकाम्या शॉवरपुढे आठ सपातांच्या मागे आपण नववे म्हणून का उभे आहोत, हा विचार माझ्या मनात दहा मिनिटांनी आला. पण तेवढ्यात सुतळीवाला आला, “नंबर माझा आहे,” असे बजावून आत गेला, आणि मी चक्क त्याची माफी मागितली. सभ्य घरातून आलेल्या मुलाचे वसतिगृहात पहिले सहा महिने असे जातात.

शेवटी आम्ही पाच जणांचे शिष्टमंडळ वॉर्डन सरांकडे नेले. शिष्टमंडळात दोन परस्परविरोधी मागण्या होत्या, हे आम्हांला त्यांच्या खोलीत शिरल्यावर कळले. आमची तक्रार पाणी पुरत नाही अशी होती, तर रोज पहिला नंबर लावणाऱ्याची तक्रार पाणी पोळते अशी होती आणि तापमान उतरवा असे त्याचे म्हणणे होते. सरांनी त्याच्याच मुद्द्याला हात घातला. साठवलेले पाणी साठ अंशांवरच ठेवावे लागते, कारण कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि 1976 साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनात याच जिवाणूंनी अनेकांचा बळी घेतल्यावर ते जगाला माहीत झाले, हे त्यांनी आम्हांला इतक्या तपशिलाने सांगितले की मोठी टाकी मागायची आहे हे आम्ही विसरूनच गेलो. जिना चढताना माझ्या लक्षात आले, की जिवाणूंच्या भीतीने जे टाळायचे ते कोमट पाणी आमच्या मजल्यावर आजवर कोणी पाहिलेच नव्हते. आमच्याकडे पाणी एकतर साठ अंशांवर असे, नाहीतर वीस.

हे सगळे मी सहन केलेही असते. पण पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी पुन्हा सहावा होतो.

त्या दिवशी गार पाण्याखाली जी काही धांदल झाली, तिच्यात मी साबण अर्धवट धुतला, टॉवेल गुंडाळला आणि खोलीकडे धाव घेतली. आमच्या दारांना आपोआप बंद होणारी कुलपे होती. तिरप्या कडेची एक पितळी जीभ असते. दार ढकलले की ती चौकटीवर घासून आत सरते आणि खाच आली की स्प्रिंगच्या जोराने बाहेर येऊन बसते. बाहेरून तिला फक्त किल्लीच मागे घेऊ शकते. माझी किल्ली माझ्या विजारीच्या खिशात होती, विजार खुर्चीवर होती, आणि खुर्ची दाराच्या पलीकडे होती. एरवी दहापर्यंत पांघरुणात असणारा माझा सोबती नेमका त्याच दिवशी, वर्षात प्रथमच, वेळेवर उठून परीक्षेला गेला होता. मी तरीही दार वाजवले. आतून त्याच्या साडेसहाच्या गजराने तेवढे उत्तर दिले. तो घड्याळ घरीच ठेवून गेला होता, आणि ते घड्याळ त्याच्यासारखेच अर्धा तास मागे चालत असे.

अशा प्रसंगी आर्किमिडीज आठवतो. टबात उतरल्यावर सिद्धान्त सुचला म्हणून तो ‘युरेका’ ओरडत तसाच रस्त्यातून घराकडे धावला, हा किस्सा रोमन वास्तुरचनाकार व्हिट्रुव्हियस याने सुमारे दोनशे वर्षांनी लिहून ठेवला. किस्सा खरा असेल-नसेल, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : घराचे दार उघडे होते. स्प्रिंगचे कुलूप असते तर विज्ञानाच्या इतिहासात त्या धावण्याला इतके मानाचे स्थान मिळाले नसते.

वॉर्डन सरांकडची दुसरी किल्ली आणायची म्हणजे तीन मजले उतरून, समोरचे मैदान ओलांडून कार्यालयात जायचे. मी जिन्यापर्यंत गेलो, खालून कोणी येत असल्याचे ऐकले, परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा परत आलो. तिसऱ्यांदा जिन्याच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा मागे कुणीतरी स्नानगृहाचे दार सताड उघडे टाकले. सहावा गारठला म्हणून आधीच्या पाचांची वाफही गारठते असे नाही. आंघोळ उरकलेला पाचवा शेजारच्या शॉवरमध्ये अंग पुसत अजून ती भोगत होता. ती वाफ बोळात आली आणि छतावरील धूरशोधकात शिरली. या यंत्राच्या आत एक प्रकाशकिरण असतो. धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि यंत्राला आग लागल्याचे समजते. पाण्याचे बारीक थेंबही प्रकाश तितक्याच निष्ठेने विखुरतात. धूर आणि वाफ यांतला फरक त्याला कळत नाही, आणि कळून घेण्याची त्याच्यावर सक्तीही नाही.

घंटा वाजली. नियमाप्रमाणे घंटा वाजताच आहे त्या स्थितीत, सामान न घेता, जिन्याने खाली उतरून मैदानातील हिरव्या फलकाजवळ जमायचे असते. आहे त्या स्थितीत आणि सामान न घेता, या दोन्ही अटी माझ्याइतक्या तंतोतंत त्या दिवशी कोणीही पाळल्या नसतील. शिवाय मी जिन्याच्या तोंडाशीच उभा होतो. बाकीचे लोक पायमोजे शोधत होते, वह्या गोळा करत होते, हा खरा प्रसंग की सराव याची एकमेकांकडे चौकशी करत होते. त्यामुळे हिरव्या फलकाखाली पहिला पोहोचलो तो मी. वर्षभरात कशातही माझा पहिला नंबर लागला तो तेवढाच.

हळूहळू चारही मजले मैदानात उतरले. दव पडले होते, वारा होता, आणि कानामागचा साबण वाळून ओढू लागला होता. वॉर्डन सर यादी घेऊन आले, त्यांनी घड्याळ पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हातांनी टॉवेल धरून ताठ उभा होतो. सर मोठ्याने म्हणाले, “पाहा. याला म्हणतात तत्परता. अंगावरच्या कपड्यांचासुद्धा विचार केला नाही या मुलाने.” मागून पाचव्याचा खोकल्यासारखा आवाज आला. मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. पण खुलासा करायचा तर किल्लीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि किल्ली विसरल्याबद्दल दंड होता. मी तोंड मिटले.

त्याच दुपारी सूचनाफलकावर तिसऱ्या मजल्याचा अग्निसुरक्षा प्रतिनिधी म्हणून माझे नाव लागले. परीक्षेला मी वीस मिनिटे उशिरा पोहोचलो होतो, आणि पदार्थाची विशिष्ट उष्णता काढण्याच्या प्रयोगात माझे उत्तर बरेच चुकले होते. पण त्या नियुक्तीबरोबर मला एक शिटी, एक विजेरी आणि गुडघ्यापर्यंत येणारे पिवळे जाकीट मिळाले. जाकीट कार्यालयाच्या कपाटात ठेवावे अशी सूचना होती. मी ते स्नानगृहातील खुंटीवर टांगले, आणि त्याच्या खिशात खोलीची किल्ली ठेवली.