वेबसाइट कशात करायची ते नंतर ठरवा, आधी त्यातनं बाहेर कसं पडायचं ते बगा

बेळगावात आता वेबसाइट करून देणारे गल्लोगल्ली झालेत, चांगलंच आहे, पोरांना काम मिळतंय. पण वेबसाइट करायच्या सॉफ्टवेअरवरनं वाद कायम एकच, वर्डप्रेस बरं की विक्स बरं, का शॉपिफाय, का आता ते नवीन एआयवालं. माझं मत विचाराल तर यातलं निम्मं बोलणं फुकट आहे. मी कुठलंबी सॉफ्टवेअर घेताना पहिला एकच प्रश्न विचारतोय, उद्या हे सोडायचं ठरलं तर माझं सामान मला उचलून नेता येतंय काय? सामान म्हणजे मजकूर, फोटो, डोमेन (साइटचं स्वतःचं नाव, म्हणजे पत्ता) नि गिऱ्हाइकांची यादी. एवढं सुटून हातात येत असेल तर मग तुम्हाला आवडेल ते वापरा, मी आडवा येणार नाही. येत नसेल तर ते कितीबी झकपक असूदे, मला नको.

उगंच घाबरवूलाय म्हणाल, तर २०२४ चा मार्च आठवा. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर फुकटात एक पानाची वेबसाइट करून मिळायची, पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साइट असं यायचं. फोनवरनं होत होती, पैसे नव्हते, त्यामुळं दुकानदारांना बरी वाटायची. गूगलनं ती सोय मार्चमध्ये बंद केली, जुन्या पत्त्यावर आलेल्याला प्रोफाइलकडं वळवायचं तेवढं १० जूनपर्यंत चालू ठेवलं, मग तेबी बंद. गूगलनं आधी सांगून बंद केलं, फुकट होतं, त्यात भांडायला काही जागा नाही. पण ज्यानं तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, कापडी पिशवीवर छापून घेतला त्यानं काय करायचं? ज्याच्याकडं स्वतःचं डोमेन होतं त्याला मागची साइट बदलून पत्ता तोच ठेवता आला, बाकीच्यांच्या पिशव्या वाया.

डोमेनचं तर विचारूच नका. पतसंस्था, शाळा, गणेश मंडळ, कुठंबी जाऊन विचारा डोमेन कुणाच्या नावावर आहे, चेअरमन म्हणणार "ते आमचा पोरगा बगतोय ओ", आणि पोरगा पुण्याला आयटीत गेलेला. डोमेन ज्या ईमेलवर घेतलंय त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नसतोय, रिन्यूची आठवण त्याच ईमेलवर येऊन पडते, कोण वाचत नाही, नि एक दिवस सकाळी साइटच उघडत नाही. डॉट कॉमचं असं असतंय बगा, मुदत संपली की बहुतेक कंपन्या थोडे दिवस साध्या पैशात रिन्यू करून देतात, ते चुकलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात सोडवून घ्यायला जबर दंड, त्यानंतर ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि मग नाव बाजारात मोकळं. जुन्या चालत्या नावावर टपून बसलेले असतातच. मग ठेवीदार पतसंस्थेचा पत्ता टाइप करणार नि समोर रमीची साइट उघडणार, काढा समजूत. त्यामुळं डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्याच खात्यातनं पैसे भरून घ्या. ते दुसऱ्या कंपनीकडं न्यायला ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा गुप्त कोड, लागतोय. मागितल्यावर जो माणूस "बगूया की, पुढच्या आठवड्यात" म्हणतोय त्याच्यापासून जरा सावध राहा. (अगदी हल्ली घेतलेलं किंवा हलवलेलं डॉट कॉम साधारण ६० दिवस अडकून असतंय, तेवढं एक कारण खरं.)

आता कशात करायची. उद्यमबागेतल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, एखाद्या फौंड्रीची साइट धरा. आमच्याविषयी, मशिनरीची यादी, कास्टिंगचे फोटो, आयएसओचं सर्टिफिकेट, नकाशा नि फोन नंबर. झालं. वर्षातनं एकदा बदल. याला वर्डप्रेस कशाला पाहिजे मला सांगा. साधी एचटीएमएल पानं करा, व्हीएस कोडमध्ये करा नाहीतर नोटपॅड प्लस प्लसमध्ये करा, दोन्ही फुकट, आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर टाका, तिथंबी असल्या साइटला पैसे पडत नाहीत, स्वतःचं डोमेन जोडता येतंय, कुलपाचं चिन्ह म्हणजे एचटीटीपीएस तेबी मिळतंय. मागं डेटाबेस (मजकुराची कोठी) नाही, पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) नाही, त्यामुळं प्लगिनच्या, म्हणजे वरनं जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरच्या, भोकातनं कोण आत शिरायचा प्रश्नच नाही. आणि सोडायचं ठरलं तर फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायचं, दुसऱ्या होस्टवर (साइट ठेवायला जागा देणाऱ्या कंपनीकडं) टाकायचं, संपलं. पण हे सांगितलं की मालक नाराज होतात. "अ‍ॅडमिन पॅनेल नाही काय त्यात?" अहो, वर्षाला एक सर्टिफिकेट बदलायला अ‍ॅडमिन पॅनेल?

याउलट शाळा घ्या, रोज नोटीस लागणार, कार्यक्रमाचे फोटो लागणार, क्लार्क मॅडमनी स्वतः टाकायचं म्हणतात. किंवा कुंद्याची ऑर्डर ऑनलाइन घ्यायची आहे. तिथं वर्डप्रेसच बरं, याबाबतीत मला दुसरं काय पटत नाही. २००३ पासून चालू आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर आहेत, सोर्स कोड मोकळा आहे, त्यामुळं एक होस्टवाला नको झाला तर दुसऱ्याकडं नेता येतंय. विक्सवर केलेली साइट तशी उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही, नव्यानं करावी लागते. विक्स वाईट आहे असं नाही, ज्याला कोडचा गंध नाही त्याला एका दुपारी देखणी साइट करून देतंय, फक्त हे माहीत असून घ्या.

वर्डप्रेसमध्येबी दार उघडं आहे म्हणजे सगळं आपोआप बाहेर येतंय असं नव्हे. एक्सपोर्टचं बटण दाबलं की एक्सएमएल फाइल मिळते, लोकांना वाटतंय झाला बॅकअप. त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे नुसते पत्ते असतात! जुनं होस्टिंग बंद पडल्यावर ती फाइल घेऊन बसलात तर शाळेच्या सगळ्या स्नेहसंमेलनांच्या जागी रिकामे चौकोन. खरा बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि डब्ल्यूपी कंटेंट नावाचं फोल्डर, दोन्ही. अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन ते फुकटात गूगल ड्राइव्हवर टाकतंय, फक्त ते ड्राइव्ह शाळेचं आहे की करून देणाऱ्या पोराचं ते बगून घ्या. दुसरं म्हणजे पेज बिल्डर, पान मांडायचं प्लगिन. काही बिल्डर असे आहेत की ते काढून टाकलं की पानावर चौकोनी कंसातला नुसता कोड उरतोय, मजकूर त्यात कुठंतरी बुडालेला. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर डिसेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा सगळ्यांनी बोंब मारली, पण तो मजकूर साध्या एचटीएमएलमध्येच ठेवतोय, सोडला तरी वाचता येतंय, म्हणून मी तोच शिकवतोय. आणि ती फुकटात मिळणारी क्रॅक केलेली थीम, तिच्याबद्दल काय बोलायचं, त्यात आधीच कुणीतरी मागचं दार ठेवलेलं असतंय. पैसे नसतील तर वर्डप्रेसच्या साइटवरच्या फुकट थीम वापरा की, भरपूर आहेत.

एक बारीक गोष्ट, पण रोज नडते. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताबी देवनागरीतच तयार होतोय. ब्राउझरमध्ये छान दिसतंय, पण ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्क्याची चिन्हं नि आकड्यांची दोन-तीन ओळींची माळ होते, पालकांना वाटतंय व्हायरसची लिंक आली. कारण असं की देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरांचं होतंय, आणि वर्डप्रेस पत्त्याला २०० ची मर्यादा ठेवतंय, म्हणजे बाविसेक चिन्हं झाली की पुढचं शीर्षक कापलं. पान सेव्ह करायच्या आधी पत्ता रोमन अक्षरांत छोटा करून टाका, शीर्षक मराठीच राहूदे.

आता आपल्या भागातलं खरं दुखणं, फॉन्ट. पतसंस्थेचा अहवाल, शाळेची स्मरणिका, देवस्थानची माहिती, सगळं प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरवर पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात पडलेलं असतंय. तो म्हणतोय "मजकूर तयार आहे, घ्या कॉपी करून". कॉपी केलं की वेबसाइटवर रोमन अक्षरांचा नुसता कचरा. कन्नड मजकुराचं तेच, जुन्या नुडी नाहीतर बरहाच्या फॉन्टात टाइप केलेलं असलं की तिथंबी कचरा. या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीच आपल्या अक्षरांचे आकार बसवलेले होते, कॉम्प्युटरला खालचं मराठी कधी कळलंच नव्हतं. कन्व्हर्टर मिळतात, बरंचसं काम करतात, पण "दुसऱ्या", "तऱ्हा" असल्या शब्दांतला ऱ्या-ऱ्हा, रफार, नि काही जोडाक्षरं डोळ्यांनी बगून दुरुस्त करावी लागतात, आणि सभासदांच्या नावांत चूक राहिली तर जनरल बॉडीत तुमचाच उद्धार. म्हणून मी म्हणतोय की वेबसाइटचं टूल निवडायच्या आधी प्रेसवाल्या मामांना युनिकोडवर, म्हणजे सगळीकडं सारख्या चालणाऱ्या टायपिंगवर, आणा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर चालू केला की जोडाक्षरं नीट येतात, तेवढं पैशाचं काम नसेल तर लिबरऑफिस आहेच. एकदा युनिकोडमध्ये टाइप झालं की तेच छापायला, तेच वेबसाइटला, तेच व्हॉट्सअ‍ॅपला.

होस्ट बदलतानाबी मराठीचा जीव डेटाबेसच्या एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीवर, असतोय. वर्डप्रेस २०१५ च्या ४.२ पासून यूटीएफ८एमबी४ वापरतंय, त्यात मराठी नीट बसतं, पण जुन्या, हातानं लिहिलेल्या साइटींचे डेटाबेस लॅटिन१ या रोमन अक्षरांच्या पद्धतीत सापडतात. हलवल्यावर विचित्र टोपीवाली रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका, मजकूर बहुतेक शाबूत असतोय, परत नीट करता येतंय. पण डेटाबेसमध्येच नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर तो मजकूर गेला, जुना बॅकअप शोधायला लागा.

फॉन्ट दिसायचं म्हणाल तर आपल्याकडं मराठी नि कन्नड शेजारी शेजारी लागतं, आणि दोन्ही दोन घरातले फॉन्ट असले की एक जाड, एक बारीक, पाटी तिरळी दिसते. एक टाइप या आपल्या मुंबईच्या मंडळींनी केलेला बलू देवनागरीला आणि त्याच घरातला बलू तम्मा कन्नडला वापरून बगा, मथळे जुळ्या भावासारखे दिसतात, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. खालच्या मजकुराला नोटो सॅन्स, देवनागरीबी आहे, कन्नडबी आहे. पानावर भाषेची खूण मराठी अशी घाला, हिंदी नको, काही फॉन्ट ती खूण बगूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. वर्डप्रेसवर दोन भाषांना पॉलिलँग प्लगिनची फुकट आवृत्ती पुरते, साध्या एचटीएमएलला दोन फोल्डर. गूगल ट्रान्सलेटचं बटण लावून मोकळं होऊ नका, कन्नड वाचणारं गिऱ्हाईक ते वाचून हसतंय. आणि शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बदललं तरी शोधणारे अजून जुन्या-नव्या दोन्ही स्पेलिंगनं शोधतात, एसईओ (शोधात साइट वर आणायच्या) प्लगिनचा हिरवा दिवा हे सांगणार नाही, साइटवर दुकानाचा पत्ता देताना दोन्ही लिहा.

बारीकसारीक हत्यारांचं पटकन सांगतोय. फाइल चढवायला मी विंडोजवर विनएससीपी वापरतोय, फाइलझिलाबी चांगलं आहे पण त्याच्या मुख्य पानावरच्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती येतात, डोळे झाकून नेक्स्ट नेक्स्ट करू नका. फाइल चढवायची साधी एफटीपी पद्धत नको, पासवर्ड उघडाच जातोय, एसएफटीपी घ्या. फोनचे चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका, गूगलचं स्क्वूश ब्राउझरमध्येच बारीक करून देतंय. इरफानव्ह्यू सगळ्यांच्या ऑफिसात असतंय, पण ते बिगरधंद्याच्या (घरगुती, शाळेच्या) वापरालाच फुकट आहे, धंद्याला लायसन्स घ्यावं लागतंय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतंय. लोगो फ्लेक्सवाल्याकडनं कोरलच्या फाइलीत येतो, त्याच्याकडनंच एसव्हीजी नावाच्या फाइलप्रकारात सेव्ह करून मागा, इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आयुष्यभर उघडेल. पासवर्ड कीपासमध्ये ठेवा, एक फाइल असते, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहते, मास्टर पासवर्ड सेक्रेटरी आणि चेअरमन दोघांकडं.

राहिलं एआय. आता सगळेच एआयनं वेबसाइट करूलेत, मीबी करूलोय, त्यात लाजायचं काय. पण दोन तऱ्हा आहेत. एक, जो कोड लिहून फाइली हातात देतोय, तो आपला माणूस. दुसरा, जो त्याच्याच सर्व्हरवर साइट उभी करतोय नि महिन्याला पैसे कापतोय, आणि फाइली मागितल्या की वरचा प्लॅन घ्या म्हणतोय. ट्रायल चालू असतानाच दोन पानं करा, एक मराठी एक कन्नड, एक्सपोर्ट करा, ती झिप दुसऱ्याच कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद करून उघडा. अक्षरं, फोटो, मेनू जागेवर असले तर पैसे भरा. नसले तर आधी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन त्याचं ऑटोपे रद्द करा, मग खातं बंद करा, याच क्रमानं.