नस बंद केली म्हणून पाय सुकत नाही

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो आहे: ‘फुगलेल्या नसांवर लेसर करू नका, नस जाळली की पायाचं रक्त थांबतं, पाय सुकतो. जळवा लावून नासकं रक्त काढा. नाहीतरी नसा परत फुगतातच.’

पाय सुकण्याची भीती आधी काढून टाका. पायाला रक्त पुरवते ती धमनी. तिला कोणी हातही लावत नाही. लेसर होतो तो कातडीखालच्या बिघडलेल्या शिरेवर, म्हणजे मेसेजमधल्या ‘फुगलेल्या नसे’वर. पायातलं जवळपास 90 टक्के रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून वर जातं. फुगलेल्या शिरेच्या झडपा निकामी झाल्यामुळे दिवसभर उभ्यानं कापूस वेचला की रक्त उलटं खाली साचतं. अशी शीर बंद केली तर पायावरचा भार हलका होतो. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे कलर डॉपलर सोनोग्राफीतच कळतं. ती न करता कोणी लेसर सुचवला तर तिथून उठून या.

लेसर करताना गुडघ्याजवळ सुईनं बारीक छिद्र करतात, सोनोग्राफीत बघत शिरेत तार सरकवतात, शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात. तार तापते, शीर आतून आक्रसते. बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. काही दिवस काळंनिळं होतं, ओढल्यासारखं वाटतं, कधी बधिरपणा येतो. क्वचित खोल शिरेत गुठळी होते, म्हणून पोटरी अचानक सुजली तर लगेच दाखवा.

जळवांनी झडप दुरुस्त होत नाही. रक्त नासलेलं नसतं. ऑक्सिजन कमी म्हणून गडद दिसतं. घोट्यावरची कातडी आधीच काळवंडून, कडक होऊन खाजत असते. तिथे जळू चावली की रक्त लवकर थांबत नाही, तिच्या पोटातले जंतू आत जाऊ शकतात.

नसा परत येतात, हे काहींच्या बाबतीत खरं आहे. पण वाट बघत बसल्यानं घोट्याची जखम चिघळते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा जखमा असलेल्यांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत सगळ्यांनाच दाबपट्टी (पायाला घट्ट गुंडाळायची पट्टी) होती. लवकर शीर बंद केलेल्यांतल्या निम्म्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, उशिरा केलेल्यांत त्याला 82 दिवस लागले. खर्चाचं विचारायचं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) गाठा.

शीर फुटून रक्ताची धार लागली तर वर दोरी आवळू नका. आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा.