मेसेजवाल्याला ‘कुमल’ भेटली नाही वाटतं

आयर्लंडवरचा तो मेसेज आजवर चार जणांनी पाठवला आणि चारही वेळा मी गप्प बसले. पाचव्यांदा तो मावशीकडून आला. वर शेरा, ‘चिमीच्या वक्तृत्व स्पर्धेला छान मुद्दे आहेत, बघ गं.’ म्हणजे पोरगी हे सगळं आता माईकवरून बोलणार.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्या भाग्यवंतांसाठी: आयर्लंड म्हणजे आर्यभूमी. तिथले ब्रेहॉन म्हणजे ब्राह्मण, ड्रुइड (त्यांचे जुने पुरोहित) म्हणजे द्रविड, त्यांच्या देवांची आई दनू ही आपल्याच पुराणांतली. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या त्यांच्या कायद्यात तुरुंग नव्हते, देहदंड नव्हता आणि बाई पुरुषाच्या पूर्ण बरोबरीची होती.

नावांचं आधी उरकते. ब्रेहॉन म्हणजे न्याय देणारा. हा शब्द निवाड्यासाठीच्या ‘ब्रेथ’वरून आला, आणि त्याचं मूळ आपल्या ‘भृ’ धातूशी जुळतं, ‘ब्रह्म’शी नाही. ड्रुइडमधला ‘विद्’ मात्र वेदातल्या ‘विद्’चा सख्खा नातलग, हे मान्य. संस्कृत आणि आयरिश एकाच भाषाकुळातल्या, तेव्हा असे शब्द निघणारच. पण द्रविड भाषा त्या कुळातल्याच नाहीत! आणि ‘एरे’ या आयर्लंडच्या आयरिश नावाला संस्कृत सोयरिक हवीच असेल तर अभ्यासक ‘पीवरी’कडे बोट दाखवतात. पीवरी म्हणजे पुष्ट. आर्यभूमी नव्हे, गुबगुबीत भूमी. राहिली दनू. मावशी, आपल्याकडे ती दानवांची आई गं, देवांची कुठली?

‘ख्रिस्ती धर्माआधीचा कायदा’ हेही तसंच. हे कायदे सातव्या-आठव्या शतकात लिहिले गेले, म्हणजे तिथे ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकनंतर दोनएकशे वर्षांनी. तुरुंगाचा वापर जवळपास नव्हता, खरंय. खुनालाही बहुधा दंडच असे. पण दंड भरला नाही तर मेलेल्याचे नातलग खुन्याचा जीव घेऊ शकत. ऐपत नसलेला माणूस गुलाम होऊ शके.

आता तो बरोबरीचा मुद्दा, ज्यासाठी मी रात्री अकरा वाजता टाइप करत बसले आहे. या कायद्यात दंड मोजायचं एक माप होतं, ‘कुमल’. स्वतंत्र माणसाचा खून केला तर सात कुमल. कुमल शब्दाचा मूळ अर्थ काय? दासी. गुलाम बाई. एक कुमल म्हणजे साधारण तीन दुभत्या गाई. जिथे बाई हेच चलन होतं, तिथे बरोबरी कुठून आणायची?

लग्नाच्या बायकोची मानाची किंमत, म्हणजे तिचा अपमान झाला तर द्यावी लागणारी भरपाई, सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या निम्मी. फर्गस केली यांचं जुन्या आयरिश कायद्यावरचं १९८८चं पुस्तक या विषयात सगळे प्रमाण मानतात. त्यात एका जुन्या कायदाग्रंथातला नियम दिलाय: मुलगी असताना बापाचा ताबा, बायको झाली की नवऱ्याचा, विधवा झाली की मुलांचा, आणि यांच्या संमतीशिवाय तिला खरेदी-विक्री किंवा करार करता येत नाही. कुठे ऐकल्यासारखं वाटतंय? ‘पिता रक्षति कौमारे’, मनुस्मृती, नववा अध्याय. भारताशी साम्य शोधायला निघालेल्याच्या हातून नेमकं हेच निसटलं.

अर्धसत्य आहे, नाही म्हणत नाही. दोघांनी सारखी मालमत्ता आणलेल्या लग्नात बायको नवऱ्याचा तोट्याचा करार मोडू शकायची. नवऱ्याने वळ उठेपर्यंत मारलं किंवा अंथरुणातल्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या, तर तिला सोडून जाता येई. त्या काळाच्या मानाने हे पुष्कळ होतं. पण म्हणून ‘पूर्ण बरोबरी’?

चिमे, आयर्लंड-भारत साम्याचाच मुद्दा हवा असेल तर ‘त्रोस्कद’ घे. येणेकरी आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या दारात उपाशी बसायचा. तो बसलेला असताना घरधन्याने तारण न देता घास खाल्ला, तर देण्याच्या दुप्पट भरावं लागे. आपल्याकडे यालाच धरणं धरून बसणं म्हणत. मावशीला हे पाठव, आणि तो जुना मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ कसा करायचा ते तिला शिकव.