हौद्यात माणसे बसवायची नाहीत
निफाडहून लासलगावला कांदा नेण्यासाठी हप्त्यावर घेतलेल्या माझ्या पिकअपकडे लग्नसराई सुरू झाली, की सगळी भावकी वऱ्हाडाची गाडी म्हणून पाहू लागते, आणि ‘हौद्यात वीस माणसे सहज मावतील’ हे दर वर्षी नव्याने ऐकावे लागते. पिवळ्या पाटीच्या या मालवाहू गाडीच्या हौद्यात ना आसन आहे, ना पट्टा; शिवाय अशा फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. घाटातल्या वळणावर करकचून ब्रेक दाबावा लागला, तर उभी असलेली लेकरे कुठे फेकली जातील, असे विचारले, की मलाच माणूसघाणा ठरवतात. डिझेलचा खर्च मी आनंदाने सोसेन, पण हे नाही.