नियम प्रोलॉगमध्ये, वाट बघणं पायथनमध्ये

"अगं, दोन-दोन भाषांची भानगड कशाला? सगळं पायथनमध्येच लिही ना." द्राक्ष निर्यातीच्या तपासणीचं सॉफ्टवेअर करते म्हटलं की हा सल्ला फुकटात मिळतो. नाशिकमध्ये द्राक्षांवर मत नसलेला माणूस सापडणं अवघडच, तेव्हा माझंही ऐका: नियम प्रोलॉगमध्येच (नियम मांडले की त्यांवरून स्वतः उत्तर काढणारी प्रोग्रामिंगची भाषा) असावेत, थांबणं आणि वाट बघणं पायथनकडे असावं, आणि या दोघांची गाठ पडते तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं.

दिंडोरी-निफाडकडचा माल युरोपला जायचा तर प्रत्येक औषधाचा पीएचआय पाळावा लागतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस जावे लागतात. औषध बदललं की दिवस बदलतात, देश बदलला की रेसिड्यूची (फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाची) मर्यादा बदलते. पायथनमध्ये याचं 'जर-तर'चं असं रान माजतं की पुढच्या हंगामात लिहिणाऱ्यालाच ते उमगत नाही. प्रोलॉगमध्ये नियमाचा गाभा इतकाच:

निर्यातयोग्य(_प्लॉट, _काढणी) :- \+ (फवारणी(_प्लॉट, _औषध, _तारीख), दिवस_अपुरे(_औषध, _तारीख, _काढणी)).

म्हणजे, दिवस अपुरे पडतील अशी एकही फवारणी सापडली नाही, तर प्लॉट निर्यातयोग्य. (हो, प्रोलॉगच्या एसडब्ल्यूआय या अवतारात देवनागरी चालते. व्हेरिएबल, म्हणजे किंमत नंतर भरायची जागा, कॅपिटल अक्षराने सुरू होते; आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून आधी अंडरस्कोर द्यायचा.)

पण हा नियम दिसायला साधा आणि वागायला लबाड आहे. ते \+ म्हणजे 'सिद्ध होत नाही ना, मग खोटं धरा'. फवारणीची नोंद नसली की प्रोलॉग खुशाल म्हणतं, फवारणी झालीच नाही, पाठवा माल! अवकाळी पाऊस झाला की डावणी रोगाच्या धास्तीने माणूस आधी बागेत पळतो, नोंद होते सवडीने. म्हणून इथे 'नाही' म्हणण्याऐवजी थांबून विचारायला हवं: "भाऊ, पावसानंतर काही मारलं का?" उत्तर व्हॉट्सॲपवर येणार, पाच मिनिटांनी किंवा उद्या संध्याकाळी. तोवर सिद्धता, म्हणजे माल निर्यातयोग्य आहे हे नियमांवरून दाखवण्याचं काम, अर्धवट लटकलेली.

मध्येच थांबून तिथूनच पुढे निघणं ही काही नवी गोष्ट नाही. मेल्विन कॉन्वेचा कोरूटीनवरचा (असं थांबून पुढे चालणाऱ्या प्रोग्रामवरचा) पेपर १९६३चा, म्हणजे मार्सेयमध्ये १९७२ साली जन्मलेल्या प्रोलॉगहूनही जुना. पायथनला ३.५ आवृत्तीपासून त्यासाठी असिंक-अवेट आहे. दोघांनाही आपापल्या घरात थांबता येतं. घोळ होतो तो दोघांना जोडणाऱ्या मधल्या सी भाषेमुळे. पायथनने प्रोलॉगला हाक मारली, प्रोलॉगने पायथनला, त्याने परत प्रोलॉगला, की सीच्या स्टॅकवर (चालू कामांच्या चळतीवर) अर्धवट कामांच्या फ्रेम बसून राहतात आणि त्या उचलून बाजूला ठेवता येत नाहीत. लुआ भाषावाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. तिच्या ५.१ आवृत्तीत सीची हद्द ओलांडून यील्ड केलं (मध्येच थांबून ताबा परत दिला) की थेट एरर; त्यावरची सोय ५.२ मध्ये, २०११ साली आली. एसडब्ल्यूआयमध्येही सीकडून आलेल्या कॉलबॅकच्या (उलट हाकेच्या) आत एंजिन, म्हणजे सिद्धता चालवणारं प्रोलॉगचं यंत्र, यील्ड करू शकत नाही.

दुसरी मेख जास्त त्रासदायक. एका प्रोलॉग एंजिनवर उघडलेल्या क्वेरी (प्रोलॉगला विचारलेले प्रश्न) एकात एक असतात आणि सर्वांत आतलीच पुढे सरकते. समजा पिंपळगावची क्वेरी आधी उघडली, वणीची नंतर. पिंपळगावचा भाऊ उत्तर देऊन मोकळा झाला, पण वणीच्या दादांनी अजून फोनच बघितलेला नाही. आतली क्वेरी मिटत नाही तोवर पिंपळगावचा माल अडकून! यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्लॉटला वेगळं एंजिन, स्वतःच्या स्टॅकसकट. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ पॉल तराऊ यांची, आणि एसडब्ल्यूआयमध्ये ती छान चालते.

मग मी सगळीकडे एंजिनच वापरते का? नाही. आणि इथे बऱ्याच हुशार मंडळींशी माझं पटत नाही. पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर स्क्रीनसमोर बसून एकेक उत्तर देतोय, तिथे एंजिन झकास. पण शेतकऱ्याच्या उत्तरासाठी दोन दिवस एंजिन मेमरीत तंगवून ठेवायचं? वीज गेली, सर्व्हर बसला, की लटकलेली सिद्धताही गेली.

त्यापेक्षा प्रोलॉगने 'हा प्रश्न हवा आहे' एवढं पायथनच्या हातात द्यावं आणि संपून जावं. उत्तर आलं की ते तथ्य म्हणून डेटाबेसमध्ये टाकायचं आणि सिद्धता पहिल्यापासून चालवायची. नियम शुद्ध असतील, म्हणजे बाहेर काही बदलत नसतील, तर ती त्याच वाटेने येते आणि उत्तर मिळालेल्या जागेवरून पुढे जाते. नियम शेकड्यांत आहेत, पुन्हा चालवायला क्षणभर लागतो. गोठवायची ती उत्तरं, प्रोसेस नव्हे.

आणखी एक फायदा यातच आहे. प्रोलॉगला बॅकट्रॅकिंगची सवय. एक वाट फसली की मागे येऊन दुसरी धरतं. पण गेलेला मेसेज मागे येत नाही. नियमाच्या पोटातून मेसेज पाठवला, तर वाट बदलली की तोच प्रश्न पुन्हा जाणार आणि शेतकरी वैतागून नंबर ब्लॉक करणार. म्हणून पाठवणं फक्त पायथनकडे, आणि विचारलेल्या प्रश्नाची नोंद पाठवण्याआधी.

नियमांना घड्याळही बघू देऊ नका. केस उघडली ती तारीख बाहेरून तथ्य म्हणून द्या. नाहीतर काल विचारलेला प्रश्न आणि आज पुन्हा चालवल्यावर निघालेला प्रश्न जुळत नाहीत, आणि दादांनी दिलेलं उत्तर कुठल्याच प्रश्नाला लागत नाही.