फाइल अ‍ॅक्सेस इज डिनाइड म्हणे!

कोणी नाकारला? का नाकारला? आणखी किती वेळ नाकारणार आहात? काही पत्ता नाही. ‘फाइल अ‍ॅक्सेस इज डिनाइड’, एरर नंबर १७०५, खाली ओकेचं बटन. ते ओके दाबताना दर वेळी वाटतं की आपण आपल्याच अपमानाच्या पोचपावतीवर सही करतोय.

व्हिज्युअल फॉक्सप्रो, मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचे प्रोग्राम लिहायचं जुनं साधन. हो, अजून. हसून घ्या एकदाचं. शेवटची आवृत्ती, म्हणजे नववी, डिसेंबर २००४ ची. पुढची येणार नाही हे मार्च २००७ मध्ये जाहीर झालं आणि उरलासुरला सपोर्ट १३ जानेवारी २०१५ ला संपला. कागदोपत्री हा गडी कधीच गेला. पण मालाची आवक-जावक, चलनं, शिल्लक सगळं अजून त्याच्याच डोक्यावर, आणि तो खोकला की फोन मला. ‘मग नव्यात का नाही लिहून काढत?’ असं विचारणाऱ्यांनी कृपया इथेच थांबावं. काढतो की! तुम्ही तोवर त्या तीनशे प्रोग्राम फाइली वाचून मला एवढंच सांगा, की चलन रद्द केल्यावर शिल्लक दोन ठिकाणी का वजा होते आणि एका ठिकाणी का होत नाही.

तर १७०५. एका टेबलामागे तीन-तीन फाइली असतात. डीबीएफमध्ये रेकॉर्ड, सीडीएक्समध्ये इंडेक्स म्हणजे शोधायची सूची, एफपीटीमध्ये मेमो म्हणजे लांबलचक मजकूर. शेजारच्याने टेबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त स्वतःपुरतं, उघडलं असेल तरी १७०५. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने फाइल धरून ठेवली असेल तरी १७०५. फोल्डरवर परवानगीच नसेल तरी तेच. खाली विंडोजला मात्र यातला फरक चांगला ठाऊक असतो. परवानगी नसेल तर त्याचा कोड ५, दुसऱ्या कोणी फाइल धरली असेल तर ३२. दोन वेगळे आजार, दोन वेगळे इलाज. पण वर येईस्तोवर दोन्हींचा एकच काढा झालेला असतो. नंबर दिसतो हेही नशीबच समजायचं, कारण माझ्या आधीच्या थोर माणसाने निम्म्या प्रोग्रामांत सुरुवातीलाच ‘ऑन एरर’ लिहून पुढे एक चांदणी ठोकलीय. म्हणजे काय, तर काहीही चुकलं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही, पुढची ओळ चालवायची. टेबल उघडलं नाही? चालू दे. रेकॉर्ड लिहिलं गेलं नाही? चालू दे. ‘सेव्ह झाले’ असा निरोप मात्र न चुकता दाखवायचा. त्या चांदणीसाठी मी जे शब्द वापरलेत ते इथे लिहिता येणार नाहीत.

बरं, फाइल कोणी धरलीय ते शोधायचं कसं? सर्व्हरवर जाऊन प्रोसेस एक्सप्लोररमध्ये, म्हणजे कोणता प्रोग्राम काय धरून बसलाय ते दाखवणाऱ्या साधनात, फाइलचं नाव टाकलं. उत्तर आलं: सिस्टम, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४. कारण नेटवर्कवरून आलेल्या प्रत्येकाच्या फाइली तिथे सिस्टमच्याच नावावर दिसतात. चोर कोण विचारलं तर म्हणे घर! मग शेअर्ड फोल्डर्समधली ओपन फाइल्सची यादी उघडायची, कोणत्या लॉगिनने काय उघडलंय ते बघायचं, आणि त्या माणसाला फोन करायचा, ‘तुम्ही प्रोग्राम बंद करता का जरा?’ तो म्हणणार, ‘मी तर कधीचा बंद केलाय.’ आणि ते खरंही असतं. त्याने लॅपटॉप मिटला, सेशन अधांतरी राहिलं, आणि सर्व्हर त्याची फाइल उराशी धरून बसलाय.

एकदा तर तासभर सगळ्यांचे फोन येत होते. मी यादी उघडली आणि फाइल धरून बसलेल्या माणसाचं नाव वाचलं. माझं होतं. कमांड विंडोत ‘यूज’ लिहून टेबल उघडलं होतं, बघू तरी काय बिघडलंय म्हणून. डेव्हलपमेंटच्या खिडकीत सेट एक्सक्लुझिव्ह, म्हणजे टेबल एकट्यापुरतं उघडायचं सेटिंग, मुळातच ऑन असतं. वापरणाऱ्यांच्या फॉर्मचं डेटा सेशन प्रायव्हेट, म्हणजे टेबलं उघडायची जागा त्या फॉर्मपुरती वेगळी, असेल तर तिथे मात्र ते आपोआप ऑफ. म्हणजे वापरणारे सगळे गुण्यागोविंदाने एकत्र काम करतात, आणि दुरुस्तीला आलेला माणूस नुसता डोकावला तरी दाराला आतून कडी घालून बसतो. त्याला समजतही नाही. बाहेर लोक दार बडवतायत, आणि हा आत बसून दार का उघडत नाही याचा तपास करतोय.

आता डिबगरचं, म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ चालवून चूक शोधायच्या साधनाचं, ऐका. डिबगर चांगला आहे, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. ट्रेस, वॉच, लोकल्स, कॉल स्टॅक, सगळं आहे. फक्त ते माझ्या खिडकीत आहे. लोक चालवतात ती ईएक्सई, म्हणजे तयार बांधलेला प्रोग्राम, आणि तो चालवणाऱ्या रनटाइममध्ये डिबगर नसतोच. म्हणजे रोग त्यांच्याकडे आणि दुर्बीण माझ्याकडे. बरं, माझ्याकडे तोच कोड चालवून ब्रेकपॉइंट, म्हणजे मध्येच थांबायची खूण, लावावा, तर डिबगरची खिडकी पुढे येताच फॉर्मवरच्या खोक्याचा फोकस जातो आणि फोकस गेल्यावर चालणारा कोड आधीच चालून बसतो. जे बघायचं तेच बघण्याने बदलतं! वॉचमध्ये लिहिलेलं प्रत्येक सूत्र दर पावलाला खरोखर चालवलं जातं, हे मी किती उशिरा शिकलो ते सांगायलाही लाज वाटते. रेकॉर्डला कुलूप लागलंय का बघावं म्हणून वॉचमध्ये आरलॉक लिहून ठेवलं होतं. ते बघणारं फंक्शन नाही, कुलूप लावणारं आहे. नुसतं बघायला इज-आरलॉक्ड म्हणून वेगळं आहे. मी दर पावलाला स्वतःच कुलूप घालत होतो आणि वर म्हणत होतो, ‘अरेच्चा, इथेही लॉक?’

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवाच्या प्रकरणाने माझं डोकं जे फिरलंय ते अजून जाग्यावर नाही.

एकच मशीन. दिवसा त्यावर एक मॅडम बसतात, रात्रपाळीला एक मुलगा. जुनं मशीन गेलं, नवं आलं. जुन्यावर दोघं एकाच लॉगिनने बसायचे. नव्यावर नेटवर्कवाल्याने शिस्त म्हणून दोघांना वेगवेगळी लॉगिन दिली, साधी, अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेली. त्याचं काही चुकलं नाही. प्रोग्राम मात्र पहिल्यापासून होता तिथेच, विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ नावाच्या फोल्डरात, आणि त्याच्याच पोटात डेटा. तसा तो कोणत्या महाभागाने ठेवला होता हे विचारू नका. तो चांदणीवालाच.

तीन आठवड्यांनी फोन. ‘सर, रात्री केलेली चलनं सकाळी दिसत नाहीत.’ मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ‘सर, माझ्याकडे तर दिसतायत. मॅडमचीच दिसत नाहीत.’ मॅडम म्हणतात, तो भरतच नाही. तो म्हणतो, मॅडम डिलीट करतात. दोघांत बोलणं बंद.

मी गेलो. राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, फॉक्सप्रो उघडलं, टेबल उघडलं (शेअर्ड, हो, शेअर्ड, शिकलोय आता). तर मला ना मॅडमची चलनं दिसत ना त्या मुलाची. शेवटची नोंद मशीन बदललं त्या दिवसाची. पोटात गोळा आला. तीन आठवड्यांचा डेटा गेला म्हणून मी इंडेक्स नव्याने बांधला, डिलीट केलेले रेकॉर्ड दाखवायला लावले, हेक्स व्ह्यूअरमध्ये हेडर उघडून चौथ्या ते सातव्या बाइटमधली रेकॉर्डची संख्या हाताने मोजली. संख्या अगदी बरोबर. फाइल ठणठणीत. त्यात तीन आठवडे कोणी काही लिहिलंच नव्हतं, एवढंच. डिबगर लावून सेव्हच्या बटनापासून एकेक ओळ चालवली. प्रत्येक ओळ बरोबर. रेकॉर्ड लिहिलं गेलं, दिसलंसुद्धा. आग रामेश्वरी आणि माझा बंब सोमेश्वरी, आणि मी पाणी मारतोय दोन दिवस.

शेवटी जुना उपाय. डिबगर गेला खड्ड्यात. मेसेजबॉक्सची एक ओळ घालून छोटी ईएक्सई बनवली. टेबलाचा पूर्ण पत्ता दाखव आणि रेकॉर्ड किती ते दाखव. मॅडमच्या लॉगिनमध्ये चालवली, मग मुलाच्या, मग अ‍ॅडमिन म्हणून. तिन्ही वेळा पत्ता तोच, अक्षरन् अक्षर तोच. आकडे तीन वेगळे.

एकाच पत्त्यावर तीन घरं! मी खुर्चीत मागे टेकलो आणि मग प्रोसेस मॉनिटर लावला, कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलीला हात लावतो ते टिपणारा. मिनिटभरात लाखभर ओळी ओकतो तो. डीबीएफवर फिल्टर टाकला, आणि पाथच्या रकान्यात एक शब्द दिसला: व्हर्च्युअलस्टोअर.

ज्यांना हे भूत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विंडोज व्हिस्टापासून साध्या लॉगिनला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्राम तिथे लिहायला जाणारच, ते बंद पडू नयेत म्हणून एक युक्ती केलेली आहे. जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रामाने तिथली फाइल लिहिण्यासाठी उघडली की विंडोज गुपचूप तिची प्रत त्या माणसाच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात करतं आणि तीच त्याच्या हातात देतं. प्रोग्रामला वाटतं आपण मूळ फाइलच उघडली. पत्ता विचारला तर तो मूळचाच सांगतो, बिचाऱ्याला खरंच तसं वाटत असतं. प्रत्येक लॉगिनला आपापली प्रत. आणि अ‍ॅडमिन म्हणून चालवलं की ही युक्ती बंद, थेट मूळ फाइल. म्हणजे मी तपासाला म्हणून ज्या दारातून आत शिरलो, त्या दारातून रोग दिसणं शक्यच नव्हतं. मी जितका जास्त अधिकार घेत होतो तितका आंधळा होत होतो. आणि ज्यासाठी मी दोन दिवस डिस्क पालथी घातली तो डेटा मॅडमच्या आणि त्या मुलाच्याच यूजर फोल्डरांत होता, तोही लपवलेल्या अ‍ॅपडेटात. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आणि इथे १७०५ आला नाही! जन्मभर नको तिथे ओरडणारा तो नाठाळ, इथे एकदा ‘परवानगी नाही’ म्हणाला असता तर पहिल्या दिवशीच फोन आला असता, अर्ध्या तासात फोल्डर हलवला असता, काम खलास. तर इथे सगळं गोड. फाइल उघडली, लिहिली, ‘सेव्ह झाले’. एरवी माझ्या शिव्या खाणारा १७०५ मला त्या दिवशी हवासा वाटला, यातच काय ते समजा.

अ‍ॅडमिन होऊन आणखी एक गंमत होते, जाता जाता सांगतो. साध्या लॉगिनने जोडलेला नेटवर्कचा एफ ड्राइव्ह अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला दिसतच नाही. दोन्हींची सेशन वेगळी. ‘पाथ सापडत नाही.’ अरे, मागच्या खिडकीत उघडा आहे! आणि ओडीबीसीवाल्यांनी (दुसऱ्या प्रोग्रामांना डेटाबेसशी जोडणारी विंडोजची सोय) तर कहर केलाय. फॉक्सप्रोचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा, त्याची सेटिंगं करायची खिडकीही ३२ बिटचीच उघडावी लागते. ती कुठे? ‘सिस्टम ३२’ नावाच्या फोल्डरात ६४ बिटची असते, आणि ६४ आकडा असलेल्या ‘सिसवाव ६४’ मध्ये ३२ बिटची. दोन्ही फाइलींचं नाव एकच, त्या नावातही ३२. यामागे कारण आहे, मला माहीत आहे, आणि मला ते ऐकायचं नाही.

डेटा आता प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर काढलाय, फोल्डरवर दोघांना परवानगी दिलीय, व्हर्च्युअलस्टोअरमधल्या प्रती बाजूला ठेवल्यात. राहिलं जोडकाम. पुढचा चलन नंबर कुठून येतो? एका छोट्या टेबलातून, ज्यात एकच रेकॉर्ड आहे. त्या टेबलाचीही दोघांकडे आपापली प्रत झाली होती. म्हणजे दोघांनी एकाच आकड्यापासून पुढे मोजायला सुरुवात केली आणि तीन आठवडे प्रत्येक नंबर दोनदा दिला. मॅडमचं ४१७ वेगळ्या मालाचं, मुलाचं ४१७ वेगळ्या मालाचं. दोन्ही छापून, सही होऊन, मालाबरोबर बाहेर गेलेली. रेकॉर्ड एकत्र करणं पंधरा मिनिटांचं काम आहे. कोणाचा नंबर बदलायचा हे मला कोणी सांगत नाहीये. मॅडम म्हणतात, त्याचा बदला. तो म्हणतो, ‘सर, माझं आधी छापलंय.’ तारखेचं फील्ड आहे, वेळेचं नाही. चांदणीवाल्याने ठेवलंच नाही. मी दोन्ही कागद समोर घेऊन बसलोय.